शेवटच्या घंटेनंतरचं कॉलेज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागला की माझ्यासारख्या माणसाचा भाव थोडे दिवस वधारतो. एरवी कवीला कोणी काही विचारत नाही. पण आमच्या नात्यागोत्यात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळं दरवर्षी या दिवसांत घरी मुलं येतात, मुलांचे आईबाप येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, कॉलेज कुठलं घ्यायचं?

यंदा हा प्रश्न माझ्या भाचीनं विचारला. माझी बहीण सोलापूरपासून चाळीस किलोमीटरवरच्या एका गावी असते. तिची ही मुलगी चांगल्या गुणांनी बारावी झाली. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचं तिनं पक्कं केलंय. फोनवर म्हणाली, "मामू, शहरातली दोन कॉलेजं डोळ्यांसमोर आहेत. एकाचा निकाल भारी लागतो, पण तिथं बाकी काही होतच नाही म्हणतात. दुसऱ्यात सगळं होतं, नाटक, वक्तृत्व, शिबिरं. पण अब्बू म्हणतात, तिथं गेलीस तर अभ्यास राहील बाजूला. तुम्ही सांगा, कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "बेटा, आठ दिवस दे."

सल्ला देणं सोपं असतं. पण या घरात, या एका प्रश्नावर सल्ला देताना माझी जीभ जड होते. का, ते शेवटी सांगेन.

आधी माझी पात्रता सांगतो. मी साधा बी.ए. पोटासाठी कचेरीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात मराठीत कविता लिहिल्या. कॉलेज निवडण्याचा अनुभव म्हणाल तर मी ते निवडलंच नव्हतं. १९८८ साली बारावी झालो. अब्बा यंत्रमागावर कामाला. घरात एक सायकल. सायकलवरून जाता येईल आणि फी झेपेल, एवढ्या दोनच अटी होत्या. त्यांत जे बसलं ते आमचं कॉलेज. त्या वेळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ २००४ साली झालं. त्यामुळं ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, ते मी पदवी हातात पडेपर्यंत पाहिलंही नव्हतं.

पण नशिबानं कॉलेज चांगलं निघालं. चांगलं म्हणजे काय, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. शेवटच्या तासाची घंटा झाल्यावरही तिथं मुलं थांबत. कोणी ग्रंथालयात, कोणी हॉलमध्ये तालमीला, कोणी जिन्याखाली नुसतं वाद घालत. आणि त्यांच्याबरोबर दोन-तीन प्राध्यापकही थांबत.

आमच्या मराठी विभागाचं एक भित्तिपत्रक होतं. काचेची पेटी, आत निळा कागद आणि त्यावर मुलांच्या हस्ताक्षरातलं लेखन. मी धाडस करून एक कविता दिली. तिच्यात चांदणं होतं, प्राजक्त होता, पुस्तकात वाचलेलं सगळं होतं. सरांनी वाचली आणि विचारलं, "तुझ्या गल्लीत प्राजक्त आहे का रे?" मी म्हटलं, "नाही सर." "मग काय आहे?" म्हटलं, "माग आहेत सर. रात्रंदिवस चालतात." सर म्हणाले, "मग ते लिही. आणि घरी जे शब्द बोलता ते टाकायला लाजू नको."

आमच्या घरात दखनी बोलतात. ते शब्द मराठीच्या कागदावर चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. मागाची कविता काचेच्या पेटीत लागली. वाटेत थांबून ती शास्त्र शाखेची मुलंही वाचत होती. मी लांब उभा राहून त्यांची तोंडं बघत होतो. मला विचाराल तर मी त्या दिवशी बी.ए. झालो. बाकीची दोन वर्षं पेपर लिहिण्यात गेली.

त्याच काळात, १९९० साली, सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यामागं जी मंडळी उभी होती त्यांत प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर होते. ते शहरातल्या संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. मी त्या संमेलनात खुर्च्या लावल्या, पाणी वाटलं आणि सवड मिळाली की मागं उभा राहून ऐकलं. आपण मुसलमान आहोत आणि मराठीत लिहितो, यात खुलासा करण्यासारखं काही नाही, हे मी तिथं शिकलो. हे कुठल्या पेपरात नव्हतं. पण कॉलेजच्या सरांनी "जा, हाताखाली काम कर" म्हणून पाठवलं नसतं, तर मी तिकडं फिरकलोही नसतो.

आता भाचीच्या प्रश्नाकडं येतो. अभ्यासाचं कॉलेज की वातावरणाचं कॉलेज, असा तो प्रश्न. आपल्याकडं घरोघरी तो असाच विचारतात, जणू तागडीची दोन पारडी आहेत आणि एक वर गेलं की दुसरं खाली जाणारच. ही दोन्ही टोकं मी आमच्याच माणसांत पाहिली आहेत.

माझ्या भावाचा मुलगा हुशार. दहावीनंतर त्याला अशा ठिकाणी घातलं, जिथं नाव एका कॉलेजच्या पटावर आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. याला इंटिग्रेटेड म्हणतात. हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ साली राज्य सरकारला मोठ्या शहरांतल्या विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. आमच्या पोरानं दोन वर्षांत कॉलेजची प्रयोगशाळा क्वचित पाहिली, ग्रंथालय अजिबात नाही. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत प्रश्न सोडवायचे. गुण चांगले मिळाले, चांगल्या ठिकाणी प्रवेशही मिळाला. पण ईदला घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "दोन वर्षांत मित्र कोण कोण झाले?" त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "चाचा, शेजारच्या बाकावर एक होता. नाव विसरलो." आजही चारचौघांत बोलायची वेळ आली की तो मोबाइल बाहेर काढतो.

दुसरं उदाहरण एका मित्राच्या मुलाचं. त्याच्या कॉलेजात वर्षभर काही ना काही चालू. डीजे, प्रायोजकांचे फलक, निरनिराळे 'डे'. मुलगा खूश, बापही खूश. पण कित्येक विषयांना शिकवायला कायमचा माणूस नव्हता. तास कोरे जायचे आणि मुलं कट्ट्यावर. तीन वर्षांनी पदवी हाती आली. मुलगा मला म्हणाला, "काका, अर्ज कसा लिहायचा तेवढं सांगा." आणि गंमत अशी की एवढ्या गाजावाजात तो स्वतः एकदाही स्टेजवर चढला नव्हता. गाणारे बाहेरून आणलेले, हा टाळ्या वाजवणारा.

म्हणून मी म्हणतो, पहिल्या कॉलेजात अभ्यास नव्हता आणि दुसऱ्यात विद्यार्थिजीवन नव्हतं. पहिल्यात होती ती परीक्षेची तयारी, दुसऱ्यात होती ती करमणूक. खरा अभ्यास आणि खरं विद्यार्थिजीवन एकमेकांवाचून राहतच नाहीत.

हे मी पदरचं सांगत नाही. आपल्याकडं ज्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या, त्यांच्याकडं बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एका पंगतीला जेवत. पुढं १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' हे तिथलं सूत्र झालं. हातानं काम करायचं, एकत्र राहायचं आणि शिकायचं, यांतलं अभ्यास कुठला आणि अभ्यासाबाहेरचं कुठलं, हे वेगळं काढून दाखवा बरं! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले आणि तिथंच विद्यार्थ्यांची संसदही भरत असे. पोरांनी घटनेवर, कायद्यावर उभं राहून बोलायचं. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात पुढच्या कितीतरी दलित लेखकांची घडण झाली. त्या माणसांना निकाल नको होता असं नाही. पण नुसत्या निकालावर माणूस उभा राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आपल्यासारख्यानं कॉलेज पारखायचं कसं? आठव्या दिवशी मी भाचीला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं दोन्ही कॉलेजं बघायला निघालो. त्या दोन दिवसांत काय बघितलं ते सांगतो. कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

घरून निघायच्या आधी भाचीनं मोबाइलवर दोन्ही कॉलेजांची 'नॅक'ची श्रेणी काढली. नॅक ही कॉलेजांचं मूल्यमापन करणारी संस्था १९९४ साली स्थापन झाली. चारपैकी गुण देऊन ए, बी अशा श्रेणी द्यायची तिची पद्धत. ती बदलण्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, पण कॉलेजांच्या फाटकावर अजून त्या श्रेणी रंगवलेल्या दिसतात. मी तिला म्हटलं, श्रेणी सोड, अहवाल वाच. कॉलेजनं स्वतःविषयी दिलेला अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्यात मंजूर जागा किती, पूर्णवेळ प्राध्यापक किती, ग्रंथालयात रोज किती जण येतात, हे सगळं लिहिलेलं असतं. शिवाय श्रेणी असते सगळ्या कॉलेजची. तुला शिकायचंय अर्थशास्त्र. ए श्रेणीच्या कॉलेजातही एखाद्या विभागाला एकच शिक्षक असू शकतो आणि तोही तासिका तत्त्वावरचा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मी कमी लेखत नाही. त्यांतले कित्येक जीव तोडून शिकवतात. पण ज्याला तासावर पैसे मिळतात, ज्याला पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हे माहीत नाही आणि जो एक तास संपला की मोटारसायकलवरून दुसऱ्या कॉलेजकडं पळतो, त्यानं घंटेनंतर पोरांबरोबर थांबावं कसं? म्हणून विभागात कायमची माणसं किती, हा पहिला प्रश्न. त्यावर अभ्यासही अवलंबून असतो आणि बाकीचंही.

दुसरी गोष्ट ग्रंथालय. पुस्तकं किती लाख, हे फलकावर असतं. ते विचारू नये. मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात का, ते विचारावं. वाचनकक्ष किती वाजता बंद होतो, परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवतात का, तेही विचारावं. पहिल्या कॉलेजात, म्हणजे निकालवाल्या, खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक घ्यायचं अशी पद्धत होती. दुसऱ्यात आत जाता येत होतं. माझी भाची आत गेली ती बाहेर येईना. मी बाकावर बसून राहिलो. तिथल्या काकांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "राहू द्या, बघू द्या तिला. आम्हाला कुठं घाई आहे?" हे वाक्य कुठल्या अहवालात येत नाही.

तिसरी गोष्ट कॉलेजचा वार्षिक अंक. याकडं कोणी बघत नाही. मी म्हणतो, निकालाच्या कागदाइतकाच तो बोलका असतो. मागच्या तीन वर्षांचे अंक मागून घ्यावेत. पहिली वीस पानं पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं आणि सत्काराची वृत्तं असतील, तर पुढं फारसं वाचायची गरज नाही. मुलांनी काय लिहिलंय ते बघावं. लेख उतरवून काढलेले आहेत की पोरांच्या हातचे, हे दोन ओळींत कळतं. एका अंकात एका मुलीनं गावच्या आठवडी बाजारात बायका भाजीचा भाव कसा ठरवतात यावर चार पानं लिहिली होती. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. भाचीनं ती चार पानं उभ्यानंच वाचली.

चौथी गोष्ट, मुलांना विचारावं. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्यांना नाही, सायकल स्टँडवर उभ्या असलेल्यांना. आम्ही एकच प्रश्न विचारला, "मागच्या वर्षी तू इथं स्वतः काय केलंस?" कॉलेजनं काय केलं हे नको, तू काय केलंस ते सांग. एक जण म्हणाला, "राष्ट्रीय सेवा योजनेत होतो."

मला एकदम आमचं शिबिर आठवलं. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झाली. सात दिवस खेड्यात राहायचं, काम करायचं. आम्ही मंगळवेढ्याकडच्या एका गावात होतो. हिवाळा होता. ज्वारी हुरड्यात आलेली. मी गिरणगावातला पोर. ज्वारी शेतात कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं. दिवसा बांध घालायचा, रात्री शाळेच्या ओसरीवर गावकऱ्यांशी गप्पा. पाभर, कुळव, तिफण हे शब्द मी तिथं ऐकले. त्यांतले काही पुढं कवितेत आले. एका म्हातारीनं मला नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या पिराच्या उरुसाला येत जा की मग." वर्गातलं समाजशास्त्र मला त्यानंतर सोपं गेलं.

पाचवी गोष्ट मुलींसाठी महत्त्वाची आहे, खेड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी तर फारच. ती म्हणजे एसटी. मुलांना सवलतीचा पास आहे, २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण कॉलेजातलं नाटक, वादसभा, खेळ जर सगळं संध्याकाळीच होत असेल आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच सुटत असेल, तर ते विद्यार्थिजीवन फक्त शहरातल्या मुलांचं. फलकावरची नावं बघितली की कळतं, कार्यक्रमांत दरवर्षी तीच पाच-सहा मुलं असतात की नवी नवी येतात. चांगलं कॉलेज तालमी मधल्या वेळात ठेवतं, नाहीतर वसतिगृहाची सोय करतं. वसतिगृहात राहायचं तर तिथं खाणं काय, अधीक्षिका तिथंच राहते का, तक्रार समितीतल्या माणसांची नावं फलकावर लावली आहेत का, हे विचारायला लाजू नये. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ सालापासून कायदा आहे. विचारणाऱ्याला जे कॉलेज नाक मुरडतं, त्याचं उत्तर तिथंच मिळालं असं समजावं.

आता अब्बूंच्या भीतीविषयी, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या. नाटकबिटक केलं की अभ्यास बुडतो, ही ती भीती. ती अगदीच खोटी नाही. आमच्या वेळी कॉलेजात निवडणुका होत. जीएस कोण होणार यावर जीपगाड्या फिरायच्या, हाणामाऱ्या व्हायच्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर त्या बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात पुन्हा निवडणुकांची तरतूद झाली. त्या हाणामाऱ्यांना विद्यार्थिजीवन म्हणायचं असेल, तर ते नसलेलं बरं.

पण नाटकाचं म्हणाल, तर पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजच्या मुलांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. २०२२ साली परीक्षकांनी दर्जा कमी पडला म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. पुष्कळांना ते कठोर वाटलं. मला वाटलं, ज्या खेळात नापास करता येतं, तो पोरखेळ नव्हे. महिनाभर रोज तीन तास एकच प्रवेश घोटायचा, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं, पडल्यावर पुन्हा उभं राहायचं. याला अभ्यास नाही तर काय म्हणायचं? नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, कला, सेवा योजना यांना श्रेयांक दिले आहेत, तेही याच समजुतीनं. फक्त एक व्हायला नको. श्रेयांकासाठी नाव नोंदवलं, सही केली, फोटो काढला आणि घरी गेलं, असं झालं तर तेही एक नवं इंटिग्रेटेडच.

हे सगळं बघून आम्ही घरी आलो. आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट.

माझी ही बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. तिलाही कॉलेजात यायचं होतं. मी तेव्हा रोज रात्री घरी जेवताना कॉलेजच्या गोष्टी सांगत असे. गॅदरिंग रात्री अकरापर्यंत कसं चाललं, नाटकात पडदा कसा अडकला, निवडणुकीत कोणी कुणाची कॉलर धरली. सगळे हसायचे. अब्बाही हसायचे. आणि बहिणीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा अब्बा शांतपणे म्हणाले, "तुझा भाईच सांगतो ना, तिथं रात्री अकरा वाजेपर्यंत काय चालतं ते. नको."

माझ्याच गोष्टींनी तिचं कॉलेज बंद केलं. मी म्हणू शकलो असतो की अब्बा, तिथं भित्तिपत्रक आहे, ग्रंथालय आहे, सर चांगले आहेत, मी तिला सायकलवर डबलसीट नेईन आणि आणीन. मी काही बोललो नाही. कविता करणाऱ्याला त्या दिवशी एक वाक्य सुचलं नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण माझी पुस्तकं निघाली तेव्हा ती हातात घेऊन ती नेहमी आधी मागचं पान बघते, जिथं माझ्या नावापुढं बी.ए. लिहिलेलं असतं.

त्या रात्री मी तिला फोन केला. म्हटलं, दोन्ही बघून आलो. निकालाचं कॉलेज वाईट नाही, पण दुपारी एकनंतर तिथं सामसूम असते. दुसऱ्यात अर्थशास्त्राला तीन कायमची माणसं आहेत, ग्रंथालय उघडं आहे, निकालही बरा आहे, मुलींचं वसतिगृह आवारातच आहे. मेहुण्यांशी मी बोलतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाईजान, तिथं पोरी किती वाजेपर्यंत थांबतात?"

माझ्या पोटात धस्स झालं. पस्तीस वर्षांपूर्वीचे अब्बा आठवले. मी घाईघाईनं म्हटलं, "छे छे, तू काळजी करू नको. पाचला सगळ्या आपापल्या खोलीवर असतात."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "पाचलाच? मग ते नाटक, वादसभा, ते सगळं कधी करतात? लवकर घरी यायचं असलं तर तिला इथंच ठेवली नसती का मी?"

मग मी खरं सांगितलं. वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा असतो आणि वसतिगृहाच्या मुलींना तिथं बसता येतं. गॅदरिंगच्या दिवसांत तर दहाही वाजतात, अधीक्षिका बरोबर असते.

"हां," ती म्हणाली, "मग तिथंच घाल."

परवा अर्ज भरला. मेहुण्यांनी सही केली. करताना एवढंच म्हणाले, "अभ्यास सोडू नको." भाची म्हणाली, "नाही अब्बू." आणि माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि बाकीचंही सोडू नको."

कॉलेज निवडण्याविषयी मला जे सांगायचं होतं, ते तिनं माझ्याहून थोडक्यात सांगितलं. ती बी.ए. नाही, एवढंच.